कोच बदलत गेले, पाय पक्के होत गेले

माझा मुलगा ओहायोतल्या एका लहान कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल संघात क्वार्टरबॅक म्हणून चार मोसम खेळला. त्या चार मोसमांत त्याला पासिंग शिकवणारे तीन कोच झाले आणि तिघांची शिकवण तीन तऱ्हांची. एकाने बसवलेली घडी दुसऱ्याने मोडायची, दुसऱ्याने रुजवलेलं तिसऱ्याने नव्या नावाने मागायचं, असं चाललं होतं. एकोणीस-वीस वर्षांच्या पोराचा पास यातून कसा घडत गेला ते मी अगदी जवळून पाहिलं. आमच्या ओळखीतल्या एक-दोन मराठी घरांतली मुलं आता इथल्या शाळांच्या संघात जाऊ लागली आहेत. त्यांचे आईवडील विचारत असतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. प्रत्येक प्लेच्या, म्हणजे चालीच्या, सुरुवातीला चेंडू क्वार्टरबॅकच्या हातात येतो. समोरचे धिप्पाड गडी अंगावर येईपर्यंत त्याला जेमतेम अडीच-तीन सेकंद मिळतात. तेवढ्यात त्याने मागे सरकायचं, समोरच्या संघाची मांडणी ओळखायची, चार-पाच साथीदारांपैकी कोण मोकळा होणार ते ताडायचं आणि चेंडू सोडायचा. तोही साथीदार उभा आहे तिथे नाही, तो पोहोचणार आहे तिथे. चेंडूचं वजन चारशे ग्रॅमच्या थोडं वर, म्हणजे क्रिकेटच्या चेंडूच्या अडीचपट, आणि आकार दोन्ही टोकांना निमुळता. बोटांनी त्याला नीट पीळ दिला तरच तो सरळ जातो. त्याला इथे स्पायरल म्हणतात.

आमचं कॉलेज डिव्हिजन थ्रीमधलं. कॉलेजांच्या खेळांचा कारभार पाहणाऱ्या एनसीएएच्या या गटात चारशेहून अधिक कॉलेजं आहेत आणि खेळासाठी शिष्यवृत्ती कुणालाच मिळत नाही. मुलं फी भरून शिकतात आणि हौसेने खेळतात. सहायक कोचचे पगारही बेताचेच असतात. त्यामुळे चांगलं काम केलेला माणूस दोन-तीन वर्षांत मोठ्या कॉलेजात जातो, आणि मुख्य कोच बदलला तर बहुतेक सगळी फळीच बदलते. यात कुणाचा दोष धरण्यासारखं काही नाही. पण त्याची किंमत सगळ्यात जास्त क्वार्टरबॅक मोजतो. लाइनमनला समोरच्याला रोखायचं असतं, ते काम कोच बदलला तरी बरंचसं तेच राहतं. क्वार्टरबॅकची मात्र पावलं, नजर, शब्द, सगळंच बदलतं.

मी फिजिओथेरपिस्ट. शिक्षण मिरजेला झालं, आता कँटनजवळच्या एका क्लिनिकमध्ये काम करते. कँटन म्हणजे प्रो फुटबॉलचं हॉल ऑफ फेम जिथे आहे ते गाव, आणि शेजारच्या मॅसिलॉनमध्ये जन्मलेल्या मुलाच्या पाळण्यात छोटा फुटबॉल ठेवायची प्रथा आहे. अशा मुलखात राहून पोराने क्रिकेटऐवजी हा खेळ धरला, याचं आम्हाला नवल वाटलं नाही. खांदे आणि कंबर हा माझा रोजचा धंदा असल्यामुळे त्याचा पास मी सुरुवातीपासून शरीराच्या बाजूने पाहत आले. डावपेच मला त्याने शिकवले.

पहिले कोच एअर रेड पद्धतीचे. ही पद्धत हॅल मम्मी आणि माइक लीच यांनी 1989 च्या सुमारास आयोवा वेस्लियन नावाच्या छोट्या कॉलेजात आकाराला आणली आणि पुढे ती देशभर पसरली. प्लेबुक जाड नसतं. मोजक्याच रचना घ्यायच्या आणि त्या झोपेतही जमतील इतक्या घोटायच्या. क्वार्टरबॅक कायम शॉटगनमध्ये, म्हणजे चेंडू मागे देणाऱ्या सेंटरपासून चार-पाच यार्ड मागे उभा. ‘मेश’मध्ये दोन रिसीव्हर, म्हणजे पास झेलणारे साथीदार, आडवे धावत एकमेकांना जवळजवळ घासून जातात, ‘फोर व्हर्टिकल्स’मध्ये चौघं सरळ पुढे सुटतात. पोराला हे मनापासून आवडलं. पहिल्या वर्षी तो मुख्य संघात नव्हता, पण राखीव मुलांच्या सामन्यांत भरपूर पास टाकायला मिळाले. कोचचं म्हणणं एवढंच असायचं की विचार करत बसू नकोस, मोकळा दिसला की सोड.

एअर रेडने त्याची भीड मोडली. अंगावर कुणी येत असताना चेंडू सोडायला लागणारी छाती त्याला त्या वर्षात आली, आणि ती नंतर कधी गेली नाही. पण पायांकडे कुणी पाहत नव्हतं. मधल्या भागात, पंधरा-वीस यार्डांवर टाकलेला पास वारंवार उंच जायचा. उंच गेलेल्या चेंडूसाठी रिसीव्हरला हात वर ताणून उडावं लागतं, बरगड्या उघड्या पडतात, आणि मागून सेफ्टी, म्हणजे समोरच्या संघाचा सगळ्यात मागचा रक्षक, पूर्ण वेगाने येऊन धडकतो. तेव्हा उंच पास म्हणजे नुसता चुकलेला पास नसतो, आपल्याच मित्राची हाडं पणाला लागतात. पोराला सगळ्यात जास्त हेच लागायचं.

थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत आम्ही शाळेच्या मैदानावर गेलो आणि मी फोनवर स्लो मोशनमध्ये त्याचे पास टिपले, काही बाजूने, काही पाठीमागून. रात्री जेवणाच्या टेबलावर एकेक चौकट पुढे सरकवत पाहिलं. छोट्या पासला सगळं ठीक होतं. लांबच्या पासला डावा पाय गरजेपेक्षा खूप पुढे पडत होता. एवढी ढांग टाकली की वजन मागच्या पायावर अडकतं, कंबर वेळेत वळत नाही, धड मागे झुकतं आणि चेंडू सुटतो तेव्हा हात अजून वरच्या दिशेने जात असतो. चेंडू उंच जाणारच. जोर जमिनीतून येतो. पुढचा पाय रोवला जातो, मग कंबर वळते, तिच्यामागून खांदे येतात, आणि हात शेवटी. वेगवान गोलंदाजाचा पुढचा गुडघा ढिला पडला की जे होतं, तेच इथे होत होतं. मी पडद्यावर डाव्या टाचेवर बोट ठेवलं. तो बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, “आई, म्हणजे माझा हात बरोबर आहे?”

हात बरोबर होता. हे इतकं ठामपणे लिहिते, कारण पुढच्या वर्षी नेमका हातच बदलायला सांगितला गेला.

दुसऱ्या मोसमाआधी मुख्य कोच निवृत्त झाले आणि नवे आले ते वेस्ट कोस्ट पद्धतीचे, शिस्तीचे. या पद्धतीचं मूळ नावाप्रमाणे पश्चिम किनाऱ्यावर नाही, आमच्या ओहायोतच आहे, आणि तेही एका दुखावलेल्या खांद्यात. 1969 साली सिनसिनाटी बेंगल्सचा उमदा क्वार्टरबॅक ग्रेग कुक याच्या खांद्याचा रोटेटर कफ, म्हणजे सांधा धरून ठेवणारे स्नायू, फाटला आणि त्याची कारकीर्द जवळजवळ तिथेच संपली. पुढच्या वर्षी त्याच्या जागी व्हर्जिल कार्टर आला. त्याच्याकडे लांब फेकीचा हात नव्हता, पण नेमकेपणा आणि डोकं होतं. तिथे सहायक कोच असलेल्या बिल वॉल्शने त्याला जमेल असा खेळ रचला. छोटे, आडवे, घड्याळासारख्या वेळेचे पास. 1971 मध्ये पूर्ण झालेल्या पासच्या टक्केवारीत कार्टर संपूर्ण एनएफएलमध्ये, म्हणजे व्यावसायिक लीगमध्ये, पहिला आला. क्लिनिकमध्ये रोज रोटेटर कफ हाताळणाऱ्या बाईला ही गोष्ट जवळची वाटली तर नवल नाही.

या पद्धतीत प्रत्येक पाऊल एका रूटशी, म्हणजे रिसीव्हरच्या ठरलेल्या वाटेशी, बांधलेलं असतं. सेंटरकडून चेंडू हातात घेतला की उजवा, डावा, उजवा अशी तीन पावलं, आणि तिसरं टेकताच स्लँट, म्हणजे तिरका आत येणाऱ्या रिसीव्हरचा पास, सुटला पाहिजे. कर्ल, म्हणजे रिसीव्हर पुढे जाऊन मागे वळणार असेल, तर पाच पावलं. रिसीव्हर बारा-पंधरा यार्ड जाऊन आत वळणार असेल तर पाच पावलं आणि वर पुढे घेतलेलं एक छोटं पाऊल. पाय टेकला आणि पहिला रिसीव्हर मोकळा नसेल तर दुसऱ्याकडे, आणखी एक छोटं पाऊल टाकून तिसऱ्याकडे. पायच घड्याळ होतात. रिसीव्हर वळायच्या आत चेंडू हवेत असतो. दुसऱ्या कोचनी पोराला ही पावलं दिली, रोज सरावाआधी रेषेवर उभं करून चेंडूशिवाय करून घेतली. लांब ढांग आपोआप आखडली, कारण एवढ्या वेळेत ती मावतच नाही. त्या माणसाचे हे उपकार मी कधी विसरणार नाही.

पण त्यांनी त्याच वेळी त्याचं कोपरही वर उचलायला सांगितलं. चेंडू कानाजवळून सुटला पाहिजे, हात खाली जाऊन वर येता कामा नये, असा त्यांचा आग्रह. लहान मुलाला सुरुवातीपासून तसं शिकवलं तर एक वेळ ठीक. पण दहा-बारा वर्षं अंगवळणी पडलेली हाताची वाट ऐन मोसमात बदलणं म्हणजे शरीराला दोन हुकूम एकाच वेळी देणं. पळून येणाऱ्या गड्याकडे बघायचं की स्वतःच्या कोपराकडे? सप्टेंबरच्या अखेरीस स्पायरल डगमगू लागला, चेंडूचा वेग उतरला, आणि खांद्याच्या पुढच्या बाजूला दुखायला लागलं. संघाच्या ट्रेनरने वेळेत लक्ष घातलं, सरावातले पास कमी केले, म्हणून थोडक्यात निभावलं. दहा सामन्यांच्या मोसमात त्याला निम्म्याच सामन्यांत सुरुवातीपासून खेळवलं, आणि त्यातही अर्धे पास वाया गेले.

कोचशी आईवडिलांनी बोलायचं नसतं, हा इथला शिरस्ता आम्ही पाळला. मुलगा मोठा झालेला आहे, त्याने स्वतः बोलायचं. तो बोललाही. उत्तर मिळालं की मोसम संपल्यावर बघू. मोसम संपला आणि त्या कोचना दुसऱ्या राज्यात चांगली जागा मिळाली.

त्या डिसेंबरात घरी बरीच चर्चा झाली. 2018 साली ट्रान्सफर पोर्टल सुरू झाल्यापासून कॉलेज बदलणं इथे सोपं झालंय आणि त्याच्या ओळखीतले कितीतरी जण तो रस्ता धरत होते. मिरजेहून माझ्या भावाचाही फोन, “अगं ताई, तीन वर्षांत तिसरा गुरू म्हणजे पोराची आबाळच की. दुसरीकडे घाल त्याला.” पण तिथला कोचही उद्या जाणार नाही याची हमी कोण देणार? माझ्या नवऱ्याने तेव्हा जेसन कॅम्पबेलची हकीकत शोधून काढली. ऑबर्न विद्यापीठात त्याला चार मोसमांत चार ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर, म्हणजे आक्रमण आखणारे कोच, लाभले, आणि चौथ्याच्या हाताखाली, 2004 मध्ये, संघ तेराच्या तेरा सामने जिंकला. पुढच्या वर्षी एनएफएल संघ नवे खेळाडू निवडतात त्या ड्राफ्टमध्ये तो पहिल्या फेरीत गेला. त्याच ड्राफ्टमध्ये सगळ्यात आधी निवडलेला ॲलेक्स स्मिथ, त्याला सॅन फ्रान्सिस्कोत सात वर्षांत सात कोऑर्डिनेटर मिळाले. लोकांनी त्याला कधीच मोडीत काढला होता, आणि सातव्या वर्षी संघ 13 सामने जिंकला. पोराने दोघांचे जुने सामने पाहिले. त्यातून त्याला उमगलं ते असं, की दर वर्षी बदलणाऱ्या गोष्टींतून न बदलणारं काय हे आपण स्वतः लिहून ठेवायला हवं. कोच लिहून देणार नाहीत, कारण प्रत्येकाला आपलंच शिकवायचं असतं.

त्याने एक जाड वही आणली. प्रत्येक पानावर एक रचना, स्वतःच्या हाताने काढलेली. खाली दोन्ही कोचनी तिला दिलेली नावं. एकाचा एक छोटा शब्द, दुसऱ्याचं लांबलचक वाक्य, पण मैदानावर पळणारी माणसं तीच. मग शॉटगनमधून किती पावलं आणि सेंटरला चिकटून उभं राहून किती, चेंडू कितव्या पावलावर सुटायचा, पहिली नजर कुणावर आणि तो हलला तर दुसरी कुठे. वही भरत गेली तशी एक गोष्ट त्याची त्यालाच कळली, की दोन कोचच्या रचना सत्तर टक्के सारख्याच आहेत.

उन्हाळ्यात कोचना सराव सक्तीचा करता येत नाही, त्यामुळे ते महिने आमचे होते. हात आम्ही पूर्ववत होऊ दिला. कोपराबद्दल घरात एक शब्दही काढायचा नाही, असं ठरवलं होतं. आधी खांद्याची ताकद, मग गुडघ्यावर बसून छोटे पास, मग उभं राहून. टॉम हाउसच्या पद्धतीतला बराच भाग मी यात वापरला. हाउस मूळचे बेसबॉलचे पिचर, नंतर ड्रू ब्रीस आणि टॉम ब्रेडी यांच्या फेकीवर त्यांनी काम केलं. 2008 मध्ये रिंकू सिंग आणि दिनेश पटेल हे उत्तर प्रदेशातले दोन भालाफेकपटू बेसबॉल शिकायला अमेरिकेत आले, ते त्यांच्याकडेच. भाला, बेसबॉल, फुटबॉल, काहीही फेका, पाय आणि कंबर यांचा क्रम एकच, हे त्यांच्या कामातून लख्ख दिसतं.

सगळ्यात जास्त उपयोग झाला तो एका साध्या सरावाचा. मैदानावर वीस यार्डांवर दोन जाळ्या उभ्या करायच्या, एक डावीकडे, एक उजवीकडे. मधोमध मी, म्हणजे सेफ्टी. जमिनीवर पांढऱ्या टेपचा एक तुकडा, डावा पाय तिथेच पडला पाहिजे. तो पावलं मोजत मागे सरकायचा, आणि त्याचं शेवटचं पाऊल टेकायच्या क्षणी मी एका बाजूला धावायचं. मी जाईन त्याच्या उलट बाजूच्या जाळीत चेंडू गेला पाहिजे. सुरुवातीला मी हलले की त्याचे पाय थबकायचे, मग हात एकटाच धावायचा आणि चेंडू जाळीवरून पलीकडे. हळूहळू पाय थांबेनासे झाले. डोळे माझ्यावर, पाय त्यांच्या तालात, आणि टेपच्या तुकड्यावर बुटाचा एकच ठसा गडद होत गेलेला. मी त्याला चकवायलाही लागले, खांदा एकीकडे आणि धाव दुसरीकडे. “आई, खरे सेफ्टी एवढा चावटपणा करत नाहीत गं,” तो म्हणायचा. पुढे त्याने स्वतःच सांगितलं की करतात.

तिसरे कोच वयाने तरुण, स्वतः क्वार्टरबॅक खेळलेले. पहिल्या भेटीत त्यांनी त्याला चेंडू दिलाच नाही, मार्कर दिला. फळ्यासमोर उभं केलं, मागच्या मोसमातली एक इंटरसेप्शन, म्हणजे समोरच्या संघाने झेललेला त्याचा पास, पडद्यावर लावली आणि विचारलं, “इथे तुला काय दिसत होतं?” तो सांगत गेला आणि ते ऐकत गेले. मग त्यांनी वही मागून घेतली, रात्रभर ठेवली, आणि प्रत्येक पानावर आपल्या पद्धतीतलं तिसरं नाव लिहून परत दिली. माझ्या दृष्टीने त्याच्या शिक्षणातला हा सगळ्यात मोठा दिवस. नव्या माणसाने जुनी पाटी पुसली नव्हती, तिच्यावर पुढचं लिहिलं होतं.

त्यांची पद्धत मिश्र होती. बराच खेळ शॉटगनमधून, पण पावलांची वेळ वेस्ट कोस्टची, फक्त पाचाची तीन झालेली. त्यात आरपीओची (रन-पास ऑप्शनची) भर. म्हणजे एकाच प्लेमध्ये धावही आणि पासही तयार ठेवायचा, चेंडू धावणाऱ्याच्या पोटाशी धरून समोरच्या मधल्या फळीतल्या एका लाइनबॅकरकडे बघायचं, तो पुढे आला तर चेंडू काढून त्याच्या मागे टाकायचा, थांबला तर देऊन टाकायचा. कॉलेजच्या नियमांत पास सुटेपर्यंत लाइनमनना तीन यार्ड पुढे जायची मुभा आहे, व्यावसायिक खेळात एकच, म्हणून हे इथे जास्त फळतं. आरपीओमध्ये पाय मांडायला वेळच नसतो, अर्धवट वळलेल्या कमरेने फेकावं लागतं. मला धास्ती होती की एवढ्या कष्टाने बसवलेले पाय पुन्हा विस्कटतील. तसं झालं नाही. मूळ ठेका पक्का असला की त्यातून मुद्दाम बाहेर पडून परत येता येतं.

चौथ्या मोसमात पहिल्यांदाच असं झालं की ऑगस्टच्या शिबिरात त्याला एकही नवा शब्द शिकायचा नव्हता. कोच तेच, नावं तीच. जो वेळ दर वर्षी पाठांतरात जायचा तो सगळा समोरच्या संघाचे सामने पाहण्यात गेला. याचा फरक मला ऑक्टोबरच्या एका शनिवारी दिसला. कॉलेजच्या मैदानावर दोन हॅश मार्कमध्ये, म्हणजे ज्यांच्या दरम्यान प्लेची सुरुवात होते त्या खुणांमध्ये, चाळीस फूट अंतर असतं. चेंडू डाव्या हॅशवर असताना उजव्या कडेला आउट, म्हणजे बाहेर वळणाऱ्या रिसीव्हरचा पास, टाकायचा तर आडवेच शंभर फूट जावं लागतं, पुढचं अंतर वेगळं. त्यासाठी हात दणकट लागतो असं सगळे म्हणतात. त्या दिवशी वारा समोरून होता. पोराचा हात मध्यमच. पण रिसीव्हरला राखणारा कॉर्नरबॅक अर्धं पाऊल मागे उभा आहे हे त्याने स्नॅपच्या, म्हणजे चेंडू हातात यायच्या, आधीच हेरलं होतं, तिसरं पाऊल टेकताच चेंडू सुटला, आणि रिसीव्हर वळला तेव्हा तो त्याच्या छातीसमोर होता. उंच नाही, मागे नाही. शेजारी बसलेल्या त्या रिसीव्हरच्या आईने माझा हात घट्ट धरला.

पोराचा शेवटचा मोसम नोव्हेंबरात संपला आणि जानेवारीत तिसरे कोचही मोठ्या कॉलेजात गेले. आता तिथे दुसऱ्या वर्षाचा एक मुलगा क्वार्टरबॅक आहे, त्याच्या आईचा मला परवाच फोन आला, घाबरीघुबरी होऊन. मी तिला सांगितलं, नवे कोच यायच्या आधी मुलाचे पास बाजूने आणि पाठीमागून टिपून ठेव, चांगल्या दिवसाचेच, म्हणजे पुढे काय बदललं ते ताडून बघता येईल. पहिल्या बैठकीत त्याला एवढंच विचारू दे, की या रूटला चेंडू कितव्या पावलावर सुटायला हवा. आणि खांद्याच्या पुढच्या बाजूला दुखलं तर आठवडा वाट बघू नका, त्याच दिवशी ट्रेनरकडे पाठव. वहीची प्रत माझ्या मुलाने त्याला आधीच दिली आहे, चौथ्या नावासाठी प्रत्येक पानावर जागा सोडून.